जोजोबाईंचा खांदा

जोजोबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं हॉस्पिटलात कुणी उरलंच नव्हतं. चुकून कुणी मारलीच, तर बाई आधी मागे वळून बघत, की आपल्या मागे दुसरीच कुणी उभी आहे की काय.

मुलांच्या तातडीच्या विभागात त्या मुख्य सिस्टर होत्या, आणि आक्रस्ताळं मूल गप्प करण्यात त्यांचा हातखंडा होता. आता मूल गप्प करणारे पुष्कळ असतात. कुणी खुळखुळा वाजवतं, कुणी मोबाइल पुढे धरतं, कुणी डोळे वटारतं. बाई यातलं काही म्हणजे काही करत नसत. मूल उचलायचं, त्याची हनुवटी आपल्या उजव्या खांद्याच्या खळग्यात टेकवायची, पाठीवर पंजा पसरायचा आणि घशातल्या घशात घुमत राहायचं. त्यातले 'जो जो' एवढेच दोन शब्द कळत, बाकी सूर बेसूरच. पण हॉस्पिटल डोक्यावर घेणारं मूलही थोड्या वेळात हुंदके देत देत निवायचं. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणायच्या, "बाई, एकदा मोठ्या साहेबांनाही घ्या ना खांद्यावर. सकाळपासून नुसते किंचाळताहेत." बाई हसून म्हणायच्या, "त्यांचं वजन बघितलंस का?"

खोटं कशाला बोला, बाईंना या कौतुकाची गोडी होती. घरी त्या नवऱ्याला रोज सांगत, आज कुणाला गप्प केलं, किती वेळात केलं. नवरा म्हणे, "मलाही तसंच गप्प केलंस, लग्नापासून." त्यावर दोघं हसत. एका बाईला आयुष्यात एवढं एक येत असेल आणि त्याचा तिला अभिमान असेल, तर त्यात वावगं काय? काहीच नाही. म्हणून तर ही गोष्ट सांगताना राग कुणावर काढावा ते कळत नाही.

शिकवायच्या बाबतीतही बाई कडक होत्या. नवी सिस्टर आली, नवा डॉक्टर आला, की त्याला दाराच्या चौकटीत उभं करायच्या आणि म्हणायच्या, "इथूनच बघ. हात लावण्याआधी डोळे लाव. मूल तुझ्याकडे बघतंय का, श्वास कसा घेतंय, रंग कसा आहे. तीन गोष्टी. गळा काढून रडणारं मूल आलं तर आभार मान, रडायला श्वास लागतो. जे मूल गप्प पडलंय ना, त्याच्याकडे आधी धाव."

सगळे हे पाठ करत. लंबू डॉक्टरही शिकला तो बाईंच्याच हाताखाली. लंबू म्हणजे इतका लंबू, की तातडीच्या पलंगावरच्या दिव्याला त्याचं डोकं रोज एकदा तरी आपटायचंच. पोरगा हुशार, जीव ओतून काम करणारा, आणि बाईंच्या शब्दाबाहेर नाही.

फक्त एक गोष्ट होती. बाईंच्या खांद्यावर गप्प झालेलं मूल या नियमात धरायचं नाही, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, पण सगळे तसंच वागत. ते मूल बाईंनी गप्प केलेलं. त्याची काळजी कशाला करायची? बाईही तशाच वागत.

ठकीला आणलं ते ऐन दुपारी. आईच्या बाहीला रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. शिवणकाम अर्ध्यावर टाकून तशीच धावत आली होती. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर. ठकी नुकती पावलं टाकायला लागलेली, गोबऱ्या गालांची, पण त्या वेळी गाल बघायला कुणाला सवड होती? नाकपुड्या फुललेल्या, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमध्ये खड्डे, गळ्याखाली खळगा, आणि आवाज बसेस्तोवर चाललेलं रडणं. बाईंनी दारातूनच बघितलं आणि सरळ आतल्या पलंगावर घ्यायला सांगितलं. तिथवर बाईंचं काही चुकलं नाही.

लंबू डॉक्टरने छातीला ऐकायची नळी लावली. दोन्ही बाजूंना शिट्ट्या वाजत होत्या. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला, वाफेतून औषध सुरू झालं, पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा चिमटा लागला. मग नस शोधायची वेळ आली. गोबऱ्या हातात नस सापडेना. इकडे टोच, तिकडे टोच, आणि प्रत्येक टोचण्याला ठकी आणखी चवताळत होती. मास्क ढकलून देत होती, रडून रडून आणखी धापत होती.

"हे उलटंच होतंय," लंबू म्हणाला. "जरा शांत होऊ द्या तिला. ऑक्सिजन चालू ठेवू, थोड्या वेळाने नस बघू."

हाही निर्णय बरोबर होता. धापणाऱ्या पोराला उगाच छळू नये. बाईंनी ठकीला उचललं, हनुवटी खांद्यात टेकवली, आईला मास्क नाकाजवळ धरून ठेवायला सांगितला आणि घुमायला सुरुवात केली.

"किती रात्री झाल्या, सिस्टर," आई सांगत होती. "हिच्या डोळ्याला डोळा नाही. कडेवर घेऊन फिरते, पण ठेवलं की उठते. शेजारीण म्हणाली साधी सर्दी आहे, जाईल."

"होतं गं असं. आता आलीस ना."

ठकीने बाईंची कॉलर मुठीत घट्ट धरली होती. हळूहळू ती मूठ सैल झाली. रडण्याचा नुसता कण्हता आवाज राहिला, मग तोही थांबला. धाप कमी झाली. बाईंच्या पंजाखाली मघाशी जी पाठ भराभर वरखाली होत होती, ती आता सावकाश हलू लागली. बाईंनी अंगठ्याच्या चिमट्याचा आकडा बघितला. आकडा छान होता. बाईंचा जीव भांड्यात पडला. आणि खरं सांगायचं तर त्याबरोबर ती जुनी गोडीही वर आली, की बघा, डॉक्टरांना जे जमलं नाही ते माझ्या खांद्याने केलं.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "झोपली," ती कुजबुजली. "आता उठवू नका हो तिला. हात जोडते. किती दिवसांनी झोपलीय."

"कोण उठवतंय?" बाई म्हणाल्या. "माझ्या खांद्यावरून कुणाला उठवायची हिंमत आहे?"

लंबू डॉक्टर नळी गळ्यात अडकवून आला. "सिस्टर, छाती एकदा ऐकतो."

"आत्ता कुठे डोळा लागलाय," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "ती गारढोण नळी लावाल, की पहिल्यापासून सुरू. आकडा बघा ना, किती छान आहे. थोड्या वेळाने या."

लंबूने आकडा बघितला. ठकीचं तोंड पलीकडे वळलेलं होतं. तो घुटमळला. तेवढ्यात शेजारच्या पलंगावर झटके येणारं पोर आलं, आणि तो तिकडे धावला.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. ऑक्सिजन तोंडाशी असला, की तो आकडा बराच वेळ सोंग आणतो. मूल आतून दमत जातं, छाती हलेनाशी होते, आणि आकडा आपला छानच. ठकीची धाप कमी झाली ती आराम पडला म्हणून नव्हे. ओढायची ताकद संपली म्हणून. छातीतल्या शिट्ट्या थांबल्या त्या वाट मोकळी झाली म्हणून नव्हे. शिट्टी वाजायलाही हवा जावी लागते. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर हे मूल असतं, तर बाईंनी दारातून ओळखलं असतं. दहा जणांना बाजूला सारून धावल्या असत्या. पण ते त्यांच्याच खांद्यावर होतं, आणि आपल्या खांद्यावरचं मूल कुणाला दारातून दिसतं?

बाई घुमत राहिल्या, ऑक्सिजनची नळी पुरेल तेवढ्यातच येरझारा घालत राहिल्या. आईने मास्कचा पट्टा ठकीच्या डोक्यामागे अडकवला, खुर्चीवर टेकली आणि बाहीवरचे दोरे वेचू लागली.

मग बाईंना वजन जाणवलं. झोपलेलं मूल जड होतं, हे खरं, पण झोपेतही ते अंगाला धरून असतं. ही लोंबत होती. बाईंनी घुमणं थांबवलं आणि पंजाखालच्या पाठीची वाट बघितली. पाठ वर आली नाही. आणखी वाट बघितली. त्याच वेळी मॉनिटरने सूर बदलला, ठोके सावकाश पडू लागले.

"डॉक्टर, इकडे. आत्ता. सगळ्यांना बोलवा."

ठकीला पलंगावर ठेवलं तेव्हा ओठ निळे पडले होते. लंबू धावत आला, दिव्यावर डोकं आपटलं, त्याच्या लक्षातही आलं नाही. खांद्याखाली टॉवेलची घडी, हनुवटी किंचित वर, तोंडावर मास्क आणि हाताने दाबायचा श्वासाचा फुगा. पहिल्या दाबाला छाती उचललीच नाही. लंबूने हनुवटी पुन्हा धरली, पुन्हा दाबलं, छाती उचलली. पण ठोके तोवर इतके उतरले होते की नसल्यात जमा. बाईंनी तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधोमध ठेवला आणि दाबायला सुरुवात केली, मोठ्याने मोजत. "तेरा, चौदा, पंधरा. श्वास. श्वास. एक, दोन."  नस शोधत बसायची आता वेळ नव्हती. लंबूने नडगीच्या हाडात सुई घातली आणि औषध तिथून गेलं.

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. त्या कधी आवाज चढवत नसत. "दाब चालू ठेवा. औषधाची वेळ कोण बघतंय? दाबणारे हात बदला." बाईंना बाजूला व्हायला सांगितलं, तरी त्यांचे हात सुटेनात. दुसऱ्या सिस्टरने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं.

आई भिंतीला टेकून उभी होती. आरडाओरडा नाही, काही नाही. एकच सांगत होती, जसं शाळेला उशीर झाल्यावर मुलीला सांगतात तसं. "ठके, ऊठ गं. आता नको झोपू. ऊठ, बाळा. पुरे झाली झोप."

हृदय परत आलं. ठकी परत आली नाही. वरच्या मजल्यावर मशिनला जोडून काही दिवस ठेवली, बाप फेरी सोडून आला, पण मेंदूला श्वास पुरला नव्हता तो नव्हताच. मोठ्या डॉक्टरीणबाई आईबापांजवळ बसल्या, जे सांगायचं ते सांगितलं, आणि मशिन काढलं.

मग विभागात बैठक झाली. अशी बैठक दर वेळी होते, काय झालं आणि पुढे काय करायचं ते बघायला. आजार मोठा होता, आणायला उशीर झाला, मूल अचानक बिघडलं, असं ठरलं. 'अचानक' या शब्दावर कुणी हरकत घेतली नाही. लंबू म्हणाला, "मी छाती ऐकायला हवी होती." बाईंनी तोंड उघडलं. पण मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपण इथे दोष द्यायला बसलेलो नाही," आणि बाईंनी तोंड मिटलं.  त्या शब्दांचा आडोसा मिळाला, आणि बाईंनी तो घेतला.

बाहेर जिन्यात मात्र त्यांनी लंबूला गाठलं. "डॉक्टर, तुम्हाला मी अडवलं."

"अडवलंत," लंबू म्हणाला. "पण मी अडलो ना." आणि पायऱ्या उतरून गेला. तो रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

आईबाप निघाले त्या दिवशी आई विभागात आली. नवरा फाटकाशी थांबला होता. तिने बाईंचे दोन्ही हात धरले. "तुमच्या खांद्यावर तेवढी तरी झोपली," ती म्हणाली. मग तशीच उभी राहिली, हात न सोडता. "सिस्टर, तुम्हाला एक विचारू?"

 बाईंना वाटलं, आता ही विचारणार, की तुम्हाला कसं कळलं नाही हो?  उत्तर होतं, पण जीभ रेटेना. "आता काही विचारू नकोस," त्या म्हणाल्या, आणि किती मायेने म्हणाल्या. "घरी जा. जिवाला जप. विचार करून करून स्वतःला त्रास करून घेऊ नकोस."

आईने मान हलवली, हात सोडले आणि निघून गेली. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. पुढे कितीतरी दिवस त्यांना या एका श्वासाचीही लाज वाटली, ठकीच्या आठवणीइतकीच.

त्या दिवसापासून बाईंचा घुमारा बंद झाला. मूल खांद्यावर घेणंच सोडलं त्यांनी. उलट एखादं मूल गप्प दिसलं, की बाई त्याच्या तळपायाला टिचकी मारत. मूल दचकून रडलं, तर मान डोलावून पुढे जात. न रडलं तर हाका मारून माणसं गोळा करत. नव्या आयांना हा काय प्रकार ते कळेना. किती मुश्किलीने झोपवलेलं पोर, आणि ही बया येऊन टिचकी मारते. तक्रारी झाल्या. मोठ्या साहेबांनी बोलावून विचारलं, बाईंनी ऐकून घेतलं आणि परत येऊन पुढच्याच मुलाला टिचकी मारली. नव्या सिस्टरांनी त्यांचं नाव टिचकी सिस्टर ठेवलं. जुनं नाव माहीत असलेले एकेक करून बदलून गेले. उरला लंबू, आणि तो कुठल्याच नावाने हाक मारत नसे, नुसतं सिस्टर म्हणे.

घरीही तेच. लेक बाळाला घेऊन माहेरी आली होती. बाळ सारखं किरकिर करत होतं. "आई, तुझ्या खांद्यावर घे ना जरा," लेक म्हणाली, "आता तरी तुझी विद्या नातवाच्या कामी येऊ दे." बाईंनी घेतलं. नातू खांद्यात तोंड खुपसून झोपला, अगदी सुखाने, घोरतसुद्धा होता. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग त्याला मांडीवर घेतलं आणि तळपायाला टिचकी मारली.

नातवाने भोकाड पसरलं. लेक स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं आई, काय केलंस हे? सकाळपासून झोपवतेय मी त्याला."

"बघत होते," बाई म्हणाल्या.

"काय बघत होतीस?"

बाईंनी रडणाऱ्या नातवाला तिच्या हातात दिलं. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं, बायकोकडे बघितलं, आणि काही चेष्टा केली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला चेष्टा सुचली नसेल.

ठकीनंतर बराच काळ गेला. बाईंच्या निवृत्तीची भाषा सुरू झाली होती. अशात एके सकाळी दारावरचा शिपाई आत येऊन म्हणाला, "कुणी बाई आलीय पोराला घेऊन, जोजोबाईच पाहिजेत म्हणते. अशी कुणी आहे का आपल्याकडे?"

बाई दाराशी गेल्या. आधी पोर दिसलं, नेहमीच्या सवयीने. तान्हं नव्हे, पण चालतंही नसावं. डोळे मिटलेले, श्वास थोडा भराभर, रंग बरा. मग बाहीवरचे दोरे दिसले.

"हा टिल्लू," ठकीची आई म्हणाली. "ठकीच्या पाठचा. ताप आहे, छाती वाजतेय. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही." आणि तिने पोर पुढे केलं, सरळ बाईंच्या खांद्याकडे.

बाईंनी टिल्लूला घेतलं, पण खांद्यावर नाही. पलंगावर उताणा ठेवला, अंगरखा वर केला, बरगड्या बघितल्या. खड्डे पडत होते, पण थोडे. टिल्लू गुंगीत पडून होता. बाईंनी पाय हातात घेतला आणि तळव्याला टिचकी मारली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आई शेजारी उभी आहे. त्यांनी वर बघितलं. आता ही म्हणेल, झोपला होता हो.

"उठवा, सिस्टर," आई म्हणाली. "चांगला उठवा. या वेळी मी काही म्हणणार नाही."

बाईंचा हात तिथेच राहिला. "या वेळी म्हणजे?"

"तेव्हा मीच म्हटलं होतं ना, उठवू नका म्हणून. हात जोडून म्हटलं होतं." आई टिल्लूकडे बघत बोलत होती. "तेव्हा विचारायचं होतं तुम्हाला. मी तसं म्हटलं नसतं, तर तुम्ही तिला उठवलं असतं ना? एवढंच विचारायचं होतं. टिल्लू पोटात होता तेव्हा यांनी एकदा विचारलं मला, तू काय करत होतीस तिथे? मी सांगितलं, मीच म्हटलं, झोपू दे तिला.  तेव्हापासून लांबच्याच फेऱ्या घेतात. आले तरी ओसरीवर झोपतात. चूक माझीच आहे, त्यांना तरी काय म्हणू?"

बाईंना वाटत होतं की आपण फार मोठं ओझं वाहतो आहोत. रोज वाहत होत्या, घुमारा सोडला, खांदा सोडला, नाव सोडलं. आणि खरं ओझं या शिवणकाम करणाऱ्या पोरीने उचलून नेलं होतं, आणि ते तिच्या डोक्यावर बाईंनीच ठेवून दिलं होतं, 'विचारू नकोस' म्हणून, मायेने.

"नाही," बाई म्हणाल्या.

"काय नाही?"

"उठवलं नसतं. तू काहीही म्हणाली असतीस, तरी उठवलं नसतं. डॉक्टर छाती ऐकायला आले, त्यांनाही मी परत पाठवलं. मला वाटलं, मी झोपवलं तिला. माझ्या खांद्याने झोपवलं. ती झोपली नव्हती गं. दमली होती. ते बघायचं काम माझं होतं, तुझं नव्हतं. तू आई होतीस, आई असंच म्हणणार. तुझ्या म्हणण्याने काही झालं नाही."

 आईच्या चेहऱ्यावर बाईंना राग दिसला असता तर चाललं असतं, रडू दिसलं असतं तरी चाललं असतं. ती फक्त हिशेब लावत असल्यासारखी उभी होती, मधल्या सगळ्या दिवसांचा.

"मग मला विचारू का दिलं नाहीत?" ती म्हणाली.

"घाबरले."

टिल्लूने या वेळेपर्यंत डोळे उघडले होते. अनोळखी छत बघितलं, अनोळखी बाई बघितली, आणि असा सूर लावला की शेजारच्या पलंगावरचं पोरही सामील झालं. लंबू डॉक्टर आला, दिवा चुकवून वाकला, छाती ऐकली. "शिट्ट्या आहेत, पण हवा छान जातेय," तो म्हणाला. "आवाज ऐकलात? वाफ देऊ, लागला तर ऑक्सिजन, आणि दिवसभर नजरेसमोर ठेवू." त्याने आईकडे बघितलं, ओळखलं, बाईंकडे बघितलं, आणि औषध आणायला स्वतःच गेला.

आईने पोराला मांडीवर घेतलं. वाफेचा मास्क त्याच्या तोंडाशी धरला. तो डोकं झटकत होता, पाय झाडत होता, सगळा विभाग दणाणून सोडत होता.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," आई म्हणाली. तिला थोडं मोठ्याने बोलावं लागलं.

"नको म्हणूस."

"पण हे यांना सांगा. माझ्याकडून ऐकणार नाहीत. म्हणतील, स्वतःला सोडवतेय."

"लाव फोन," बाई म्हणाल्या.

आईने एका हाताने मोबाइल काढला, नंबर लावला, आणि बाईंच्या हातात दिला. बराच वेळ वाजला. मग पलीकडे इंजिनाची घरघर आली आणि एक माणूस म्हणाला, "काय झालं? टिल्लू कसा आहे?"

"टिल्लू ठीक आहे. मी हॉस्पिटलातून बोलतेय. सिस्टर. मला ठकीबद्दल सांगायचंय."

"कोण? पोरगं रडतंय, काही ऐकू येत नाही."

बाईंनी टिल्लूकडे बघितलं. आईनेही बघितलं. बाईंनी त्याला एका हाताने उचललं असतं, हनुवटी खांद्यात टेकवली असती, थोडं घुमलं असतं, तर तो गप्प झाला असता आणि ही गोष्ट हळू आवाजात, कुणाला न कळता सांगून झाली असती. दोघींपैकी कुणीच हात पुढे केला नाही. टिल्लू रडत राहिला.

बाईंनी आवाज चढवला. आयुष्यात विभागात कधी चढवला नव्हता इतका. शिपाई दारातून डोकावला, नव्या सिस्टरा कामं टाकून बघत राहिल्या, लंबू औषधाची बाटली हातात धरून तसाच थांबला.

"तुमच्या बायकोची काही चूक नव्हती," बाई त्या रडण्यावरून ओरडून म्हणाल्या. "ठकीला मी झोपू दिलं. मी. डॉक्टरांना मी परत पाठवलं."

पलीकडे घरघर थांबली. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली असावी.

"नीट ऐकू आलं नाही," तो माणूस म्हणाला. "पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं.